चाक इटलीचं, बॉस वागळे इस्टेटचा

जुन्या स्पोर्ट्स कारचं स्टीअरिंग बदलायचं म्हटलं की सगळी चर्चा चाकावरच होते, मोमो घेऊ की नार्डी (दोन्ही इटलीच्या चाकांच्या कंपन्या), लेदर की लाकूड, डिश म्हणजे चाकाचा मधला भाग रिंगपासून किती खोल, आणि मग हजारो रुपये मोजून चाक घरी येतं, दोन दिवस सोफ्यावर बसून हातात धरून फिरवून होतं, आणि त्यानंतर कोणीतरी विचारतं की अरे हे गाडीला बसणार कशावर? चाक आणि गाडीचा शाफ्ट, म्हणजे स्टीअरिंगचा दांडा, यांच्या मध्ये एक तुकडा लागतो, त्याला बॉस किट म्हणतात, कोणी हब म्हणतं. अख्ख्या कामात माझे सगळ्यात जास्त पैसे, वेळ आणि डोकं या तुकड्याने खाल्लं आणि माझं म्हणणं असं आहे की खायलाच हवं. चाक काय, आवडीचा प्रश्न आहे. बॉसवर तुम्ही आणि समोरच्या ट्रकमधलं अंतर अवलंबून आहे.

गाडी सॅन स्टॉर्म. ज्यांनी नाव ऐकलं नाहीये त्यांच्यासाठी, नव्वदच्या दशकाच्या शेवटी गोव्यात बनलेली दोन सीटची उघड्या टपाची गाडी, बॉडी फायबरची, इंजिन रेनोचं ११४९ सीसीचं, ताकद साधारण ६० हॉर्सपॉवर. ६० ऐकून लोक हसतात, हसू देत, वजनच नाहीये गाडीला. सोसायटीत पार्किंगला उभी असली की येणारा-जाणारा प्रत्येक जण आधी विचारतो इम्पोर्टेड आहे का, आणि गोव्याची म्हटलं की चेहरा असा करतो की मी काजू विकतोय. असो.

मूळ चाकाला तसं काही झालं नव्हतं, म्हणजे तुटलं वगैरे नव्हतं, पण त्याच्यावरचा फोमचा थर आपल्या हवेत चिकट व्हायला लागला होता. ज्यांच्याकडे वीस-पंचवीस वर्षं जुनी गाडी आहे त्यांना माहीत असेल, पावसाळ्यात तर हात काळे होतात, शर्टाला डाग, बायको वैतागते ते वेगळंच. आधी सरळ कव्हर शिवून घ्यावं असं डोक्यात होतं. आमच्या ठाण्यात नौपाड्याला एक जण चांगलं हाताने शिवून देतो, पण त्याने चाक हातात घेऊन दाबून बघितलं आणि म्हणाला, साहेब आतलं गेलंय, वरून लेदर लावलं तर सहा महिन्यांत आत सरकायला लागेल. सरकणारं कव्हर असलेलं स्टीअरिंग हे मला कुठल्याही गाडीत चालत नाही, त्या जाळीदार कव्हरवाल्यांना मी नेहमी सांगतो, बाबांनो फेका ते.

मग नवं चाक. आता इथे एक गंमत आहे, ही चाकं बाहेरच्या गाड्यांची वाटली तरी त्यांच्या मागची भोकं ठरलेली असतात. मोमो, स्पार्को, ओएमपी या कंपन्यांची सहा भोकं ७० मिमीच्या वर्तुळावर, आणि नार्डी, पर्सनल या कंपन्यांची ७४ मिमीच्या. चार मिलिमीटरचा फरक, डोळ्याला कळतसुद्धा नाही, पण एकाचा बॉस दुसऱ्याला बसत नाही. बाजारात दोन्हीची भोकं असलेले बॉस मिळतात, पण भोकं लांबट करून "बसतं की" म्हणणारे पण भेटतात, त्यांच्यापासून लांब राहा. मी ३५० मिमीचं मोमो घेतलं, काळं लेदर, तीन आऱ्यांचं. या मोमोची सुरुवात मला आवडते, १९६४ मध्ये जियानपिएरो मोरेत्ती नावाच्या रेसरने स्वतःच्या गाडीसाठी एका कारागिराकडून जाड पकडीचं चाक करून घेतलं, इतर ड्रायव्हरांना ते आवडलं, आणि पुढे फेरारीवाल्या जॉन सर्टीजपर्यंत ते पोचलं. म्हणजे अख्ख्या कंपनीचं मूळ एका माणसाला गाडीबरोबर आलेलं चाक पटलं नाही यात आहे.

लाकडी नार्डी दिसायला जबरदस्त असतं हे मान्य, पण मे महिन्यात उघड्या टपाने घोडबंदर रोडला ट्रॅफिकमध्ये बसा आणि घामाच्या हातांनी पॉलिश केलेलं लाकूड धरून बघा. स्वेड, म्हणजे मखमली लेदर, तर विचारूच नका, एका पावसाळ्यात बुरशी. आपल्याकडे साधं गुळगुळीत लेदर, महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसून नीट सुकवायचं, बस.

आकाराचं पण जरा बोलू. जुनं चाक ३८० च्या आसपास होतं, नवं ३५०. चाक लहान झालं की तेवढंच वळवायला हाताला जोर जास्त लागतो, या फरकात साधा हिशेब केला तर आठ-नऊ टक्के. चालत्या गाडीत जाणवत पण नाही, पण पार्किंगमध्ये उभ्या गाडीत वळवताना कळतं. ३२० वगैरे रेसिंगची चाकं लावणाऱ्यांना मग मीटर पण दिसत नाही, वरची कड बरोब्बर स्पीडोमीटरवर येते. घेण्याआधी पुठ्ठ्याची तेवढ्या मापाची रिंग कापून जुन्या चाकावर धरून सीटवर बसून बघा, गुडघे, मीटर, इंडिकेटरची काडी, सगळं दोन मिनिटांत कळतं.

नकली मालाचं सांगायलाच हवं. बाजारात दीड-दोन हजारात सगळ्या नावांची चाकं मिळतात, छापा अगदी तोच, मागचे शिक्के सुद्धा तेच. मी एक उचलून दोन्ही बाजूंनी धरून गुडघ्यावर जरा दाबलं तर रिंग चक्क वाकली, आणि दुकानदार मला म्हणतो, शेठ गुडघ्यावर कोण चालवतं? अहो ब्रेक दाबल्यावर माणूस पुढे जातो तेव्हा दोन्ही हातांचा भार तिथेच येतो ना. त्यापेक्षा जुनं पण अस्सल घ्या, किंवा मूळचंच ठेवा.

आता बॉस. स्विफ्ट, सिव्हिक, जुनी झेन, असल्या गाड्यांचे बॉस कॅटलॉगमधून मिळतात. माझ्या गाडीचं नाव कुठल्याच कॅटलॉगमध्ये नाही, आणि असणार कसं, गाड्याच किती बनल्या. अशा वेळी लोक काय करतात, तर जुन्या चाकाचं मधलं लोखंड कापायचं आणि त्याला वेल्डिंगने पट्टी मारायची. हे मी दोन गाड्यांत बघितलंय, एकात वेल्डिंगच्या कडेला केसाएवढी चीर दिसत होती आणि मालक एक्सप्रेसवेने लोणावळ्याला जाऊन आला होता. दुसरा उपाय म्हणजे "जवळपास बसणारा" दुसऱ्या गाडीचा बॉस ठोकून बसवणं. शाफ्टच्या टोकाला बारीक दाते असतात, स्प्लाईन म्हणतात त्यांना, बॉसच्या आत तसेच उलटे दाते. हे जवळपास बसून चालत नाही. थोडासा खेळ, म्हणजे सैलपणा, असला तरी प्रत्येक खड्ड्यात दाते एकमेकांना खातात, आणि ठाण्यात खड्डे मोजायची तर सोय नाही.

आपण राहतो कुठे ते मग आठवलं. एका बाजूला वागळे इस्टेट, दुसऱ्या बाजूला ऐरोली पूल उतरला की रबाळे, महापे, तुर्भे, अख्खा टीटीसी औद्योगिक पट्टा टूलरूमनी भरलेला. जिथे मोठ्या कंपन्यांचे डाय आणि मोल्ड बनतात तिथे एक बॉस का नाही बनणार? बनतो, फक्त एका नगासाठी कोणी उभं करत नाही. दोन-तीन ठिकाणी "क्वांटिटी किती?" आणि मी "एक" म्हटल्यावर चहा पाजून रवानगी. शेवटी वागळेतल्या एका गल्लीत एक काका भेटले, वायरकटवाले, साठीचे असतील, खिशाला माप घ्यायचा व्हर्नियर. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ड्रॉइंग आहे का? नाहीये म्हटलं. मग शाफ्ट आणा म्हणाले. शाफ्ट गाडीत आहे म्हटलं. त्यावर काका चष्मा काढून म्हणाले, "मग गाडी मशीनवर चढवू का?"

वायरकट कसं चालतं ते ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो कारण मला ते बघायलाच फार मजा आली. पितळेची तार असते, पाव मिलिमीटरची, ती रिळावरून सतत सरकत असते आणि पाण्यात बुडालेल्या लोखंडातून ठिणग्या पाडत पाडत जाते. तार लोखंडाला टेकतच नाही, ठिणगीच धातू खाते, त्यामुळे स्टील कितीही कडक असो, आकार मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत बरोबर येतो. आतले दाते कापायला याच्यासारखं दुसरं काही नाही, ब्रोच, म्हणजे दाते कोरायचं खास हत्यार, बनवायला गेलं तर एका नगासाठी परवडत नाही. आधी मध्ये भोक पाडतात, त्यातून तार ओवतात आणि मग कॉम्प्युटरमध्ये भरलेल्या रेषेवरून ती फिरते. पैशांचा हिशेब चौरस मिलिमीटरवर, म्हणजे रेषेची लांबी गुणिले जाडी.

पण रेषा भरायची तर दात्यांचं माप हवं आणि शाफ्ट तर गाडीत. इथे माझा मित्र कामाला आला, तो डेंटिस्ट आहे, पाचपाखाडीत दवाखाना. दातांचा साचा घ्यायला ते जे सिलिकॉनचं पुट्टी वापरतात ना, ते त्याने शाफ्टवर दाबलं. शाफ्ट आधी रॉकेल आणि टूथब्रशने घासून लख्ख केला होता, दात्यांच्या बुडाशी जुनं ग्रीस राहिलं तर माप खोटं येतं. मित्र पार्किंगमध्ये हातमोजे घालून गाडीच्या दातांचा साचा घेतोय हे दृश्य आमच्या सोसायटीतल्या जोशीकाकूंनी गॅलरीतून बघितलं आणि नंतर लिफ्टमध्ये विचारलं, काय रे, काही मेडिकल आहे का गाडीत? साचा काढला तर एकेक दाता असा सुरेख उतरला होता की काका सुद्धा म्हणाले, हे कोणी केलं? तो साचा प्रोफाइल प्रोजेक्टरवर ठेवला, पडद्यावर दहापट मोठी सावली, तिच्यावरून दात्यांची संख्या, खोली, कोन, सगळं.

काकांनी लगेच बॉस कापला नाही. आधी पाच मिमीच्या साध्या पट्टीत नुसतं मधलं भोक दात्यांसकट कापून दिलं आणि म्हणाले, हे लावून बघा, मग पुढचं. ती पट्टी शाफ्टवर हाताने सरकत गेली, कुठे अडकली नाही आणि धरून हलवली तर तसूभर हलली नाही. मला तेव्हाच कळलं की काम जमलं. ज्यांना कोणाला असं काही करून घ्यायचंय त्यांनी ही ट्रायल पट्टी सोडू नका, शे-दोनशे रुपयांत मोठा खर्च वाचतो.

शेवटचा बॉस दोन तुकड्यांत केला. मधला दात्यांचा भाग ईएन ८ स्टीलचा, आणि त्याच्यावर बोल्टने बसवलेला बाहेरचा शंकू ॲल्युमिनियमचा, पातळ भिंतीचा. सगळंच ॲल्युमिनियम का नाही, तर दाते मऊ धातूचे झाले तर झिजतात. सगळंच स्टील का नाही, तर अपघातात छाती चाकावर आदळली तर मधलं काहीतरी दबलं पाहिजे, चांगल्या कंपन्यांच्या बॉसमध्ये मुद्दाम दबणारा भाग ठेवलेला असतो. माझा शंकू त्यांच्या तोडीचा आहे असा माझा दावा नाही, पण भरीव लोखंडी ठोकळ्यापेक्षा नक्की बरा. लांबी शक्य तेवढी कमी ठेवली कारण बॉस लांब झाला की चाक छातीजवळ येतं आणि इंडिकेटरची काडी बोटांपासून लांब जाते.

आणि हो, इंडिकेटर. वळण संपल्यावर इंडिकेटर आपोआप बंद होतो तो चाकाच्या मागच्या एका छोट्या खाचेमुळे. ती खाच बॉसवर करायला विसरलात तर आयुष्यभर इंडिकेटर हाताने बंद करा. आम्ही बॉसच्या मागे नायलॉनची रिंग बसवली, तिला खाच, आणि तिच्याच समोरच्या अंगाला हॉर्नसाठी तांब्याची पट्टी. जुन्या गाड्यांत हॉर्नचं बटण रिलेला फक्त अर्थिंग देतं, तांब्यावर स्प्रिंगवाला काँटॅक्ट घासत राहतो, त्यामुळे चाक कितीही फिरलं तरी हॉर्न वाजतो. ठाण्यात हॉर्न नसलेली गाडी चालवणं म्हणजे मौनव्रत घेऊन लग्नात पंगत वाढणं, जमत नाही.

बसवण्याचं काम त्यामानाने किरकोळ. बॅटरीची निगेटिव्ह काढा. पुढची चाकं सरळ करून ठेवा. हॉर्नचं पॅड काढून मधला नट सैल करा, पण पूर्ण काढू नका, दोन-तीन आटे राहू द्या, कारण अडकलेलं चाक सुटतं तेव्हा एकदम सुटतं आणि थेट नाकावर येतं. शाफ्ट आणि चाकावर पेंट मार्करने एक रेघ मारा. मग पुलर, म्हणजे चाक ओढून काढायचं हत्यार, लावा. हातोडा मारू नका, कोणी कितीही म्हणो, शाफ्टच्या टोकावर हातोडा म्हणजे खालचं बेअरिंग गेलं, आणि दबणारा कॉलम असेल तर तोही. बॉस चढवताना रेघ जुळवा. एक दाता इकडेतिकडे झाला, समजा दाते ३६ आहेत, तर चाक १० अंश तिरकं दिसणार, आणि असलं तिरकं चाक अलाइनमेंटवाल्याकडून टाय रॉड (पुढची चाकं वळवणारे दांडे) फिरवून सरळ करून घेऊ नका, बॉस काढून परत बसवा. दोन-तीन अंशांचा फरक असेल तर ठीक, दोन्ही टाय रॉड सारखेच उलटसुलट फिरवून जातो. नट मी टॉर्क रेंचने ४५ न्यूटन मीटरला कसला, वर थोडं थ्रेडलॉक, आणि नट ते शाफ्ट एक पिवळी रेघ, म्हणजे ढिला झाला तर नजरेला दिसेल. चाकाचे सहा स्क्रू हलक्या हाताने, समोरासमोर, एका दमात एकच कसायचा नाही.

पहिला राउंड सोसायटीतच, दोन्हीकडे पूर्ण वळवून बघितलं, कुठे घासतं का, वायर ओढली जाते का. मग सकाळी पाम बीच रोड. वाशीहून बेलापूरकडे तो रस्ता सरळ आहे तिथे चाक सोडून बघितलं नाही, तसलं करू नका, पण हलकं धरून गाडी कुठे ओढते का ते कळतं. खरं कळलं येऊरच्या चढाला. जाड पकड आणि खेळ शून्य, त्यामुळे पुढचं चाक काय करतंय ते तळहातात येतं, जुन्या चिकट फोममध्ये ते कुठेतरी हरवत होतं. परत येऊन नट बघितला, रेघ जागेवर.

आता दोन गोष्टी ज्या मला मित्र सारख्या विचारतात. एक, क्विक रिलीज लाव ना, चाक काढून घरी नेता येईल, चोरी होणार नाही. नको. अजून एक जोड, अजून एक खेळ, आणि हॉर्नला अजून एक काँटॅक्ट. स्वस्तातले तर सहा महिन्यांत खडखडतात. दुसरं, माझ्या गाडीत एअरबॅग आहे, मी पण लावू का? तर नाही. माझ्या गाडीला एअरबॅग नव्हतीच म्हणून मी हे केलं. एअरबॅगवालं चाक काढून त्या जागी दिव्याला फसवायला रेझिस्टर टाकणारे गॅरेजवाले आहेत, डॅशबोर्डवर लाल दिवा येत नाही म्हणून मालक खूश, आणि जी वस्तू जीव वाचवणार ती कपाटात. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली ते काही उगाच नाही. शिवाय मोटार वाहन कायद्यात कलम ५२ आहे, गाडीत नोंदणीच्या मूळ तपशिलाला छेद देणारा बदल करायचा नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या बदलाला प्रत्येकी ५००० रुपये दंड किंवा तुरुंगवास सुद्धा आहे. माझ्या गाडीसारख्या जुन्या गाडीला पंधरा वर्षांनंतर पासिंगला जावंच लागतं, म्हणून मूळ चाक फेकलं नाही, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर आहे, नट आणि हॉर्नच्या पॅडसकट.

काकांच्या कॉम्प्युटरमध्ये त्या दात्यांची फाइल आहे आणि एक कॉपी माझ्याकडे. कोणाकडे सॅन स्टॉर्म असेल तर मागा, देतो, पैसे नकोत. फक्त थोड्या गाड्या बनवणाऱ्या कंपन्या मधेच पार्ट बदलतात, तेव्हा माझ्या मापावर विसंबून थेट स्टील कापायला टाकू नका, आधी पाच मिमीची पट्टी कापा आणि तुमच्या शाफ्टवर सरकवून बघा.